‘माहेर’ ते ‘माहेरघर’ : पालघर-तारापूर परिसरातील बाळंतपणाच्या सिद्धतेचा इतिहास

१. प्रास्ताविक

विवाह आणि मृत्यू ह्या दोन प्रसंगांस सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात जितके स्थान मिळाले आहे, तितके बाळंतपणास मिळालेले नाही. ह्याचे कारण उघड आहे. विवाहाबरोबर देणेघेणे येते, मृत्यूबरोबर वारसा येतो; आणि जेथे पैसा व हक्क येतात तेथे कागद तयार होतो. बाळंतपण मात्र घराच्या आतल्या खोलीत, बहुधा रात्रीच्या वेळी आणि बायकांच्याच हाती पार पडत आले. त्याची लेखी साधने तुटपुंजी आहेत. अशा विषयात अभ्यासकास ज्या साधनाकडे वळावे लागते ते म्हणजे भाषा. व्यवस्था नाहीशी झाली तरी तिच्यासाठी घडलेले शब्द मागे उरतात, आणि नवी व्यवस्था आली की तीही आपले शब्द बरोबर आणते. दोहोंची तुलना केली असता लोकांनी काय टाकले, काय घेतले आणि काय घेता आले नाही, हे बऱ्याच अंशी समजू शकते.

प्रस्तुत निबंधासाठी निवडलेला प्रदेश पालघर आणि बोईसर-तारापूर हा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११च्या शिरगणतीप्रमाणे ह्या भागाची लोकसंख्या सुमारे ३० लाख असून तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. भूगोलाच्या दृष्टीने त्याचे तीन पट्टे पडतात. सातपाटी, मुरबे, तारापूर, चिंचणी, डहाणू हा मांगेले, वाडवळ, भंडारी इत्यादींच्या वस्तीचा किनारा. पालघर व बोईसर ही स्थानके ज्यावर आहेत तो लोहमार्गाचा पट्टा. आणि पूर्वेस विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा वारली, कोकणा, मल्हार कोळी व काथोडी ह्यांचा डोंगराळ मुलूख. एकाच जिल्ह्यात एकीकडे अणुवीजकेंद्र आणि दुसरीकडे पावसाळ्यात वाट तुटणारे पाडे असल्यामुळे, येऊ घातलेल्या बाळंतपणाची तयारी घराघरांतून कशी होत आली ह्याचा अभ्यास येथे विशेष उद्बोधक ठरतो.

बाळंतपणाच्या सिद्धतेची चार अंगे मानता येतील : माणूस, जागा, वाट आणि वेळ. बाईजवळ कोण असेल, ती कोठे बाळंत होईल, तेथवर पोहोचावयाचे कसे, आणि त्यासाठी कामातून मोकळीक मिळेल काय, हे ते चार प्रश्न होत. मागील शतकात ह्यांतील पहिल्या दोहोंची उत्तरे पार बदलली. उरलेली दोन मात्र जिल्ह्याच्या मोठ्या भागात अद्याप पुरतेपणी मिळालेली नाहीत. ह्या विषयाचा इतिहास समजून घेण्यास ही गोष्ट मध्यवर्ती आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. शब्दांची साक्ष

गर्भार स्त्रीसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. गरोदर, गरवार, पोटुशी, गर्भिणी, दोन जिवांची. ‘दिवस गेले’, ‘दिवस भरले’, ‘नववा लागला’ हे वाक्प्रचार. डोहाळे, कळा, वेणा, नाळ, वार. पुढे बाळंतीण, ओली बाळंतीण, लेकुरवाळी. ह्यांतील कित्येक शब्द प्राचीन आहेत. संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहल’ ह्यांपासून ‘डोहाळा’ आला, ‘वेणा’ हे ‘वेदने’चे रूप, ‘सुईण’ ह्या शब्दात प्रसवणे ह्या अर्थाचा ‘सू’ हा धातू आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) हा शब्दसंग्रह बहुतांशी नोंदलेला आहे.

ह्या विपुल शब्दसंग्रहात एक रिकामी जागा आहे. ज्याच्या घरी मूल व्हावयाचे आहे त्या पुरुषाच्या अवस्थेला मराठीत शब्द नाही. मूल झाल्यावर तो ‘बाप’ होतो, ‘लेकुरवाळा’ होतो. परंतु नऊ महिन्यांच्या काळात त्याची स्वतंत्र अशी ओळख भाषेने ठेवलेली नाही. त्याला काम नव्हते असे नव्हे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन सुईण आणणे, लाकूडफाटा व पाणी भरून ठेवणे, पैशाची तजवीज करणे, ही कामे त्याचीच होती. ती कामे गृहीत धरली गेली. त्यांना सिद्धतेचा दर्जा मिळाला नाही. शब्दाचा हा अभाव केवळ भाषिक मानून चालणार नाही. दवाखान्यात केव्हा न्यावयाचे, वाहनास पैसे कोण देणार, रक्त लागल्यास कोण धावणार, हे निर्णय आज पुरुषाकडे येतात, आणि त्यासाठी त्याला तयार करणारा कोणताही रूढ संस्कार परंपरेने मागे ठेवलेला नाही.

लेखी साधनांतील उणिवेचे आणखी एक उदाहरण येथे द्यावेसे आहे. डॉ. ग्रिअर्सन ह्यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथमालेचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. वारली, वाडवळ, सामवेदी, काथोडी अशा ह्या परिसरातील बोलींचे नमुने त्यात आहेत आणि बोलीभाषांच्या अभ्यासकांवर त्याचे मोठे ऋण आहे. नमुन्यासाठी मुख्यतः बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त निवडला होता. त्याखेरीज तुलनेसाठी एक ठरावीक शब्दावली योजली होती. ह्या शब्दावलीत बाई, बायको, मूल, मुलगा, मुलगी आणि पोट हे शब्द आहेत. क्रियापदांत ‘मरणे’ही आहे. ‘जन्मणे’ वा ‘बाळंत होणे’ मात्र नाही. बाप, पुत्र आणि वाटणी ह्यांच्या कथेतून गोळा केलेल्या भाषेत सुईण येणार कोठून? त्यामुळे ह्या बोलींतील बाळंतपणाचे शब्द नोंदण्याचे काम त्या पाहणीच्या चौकटीबाहेरच राहिले.

३. घर, सुईण आणि माहेर

जुन्या व्यवस्थेत सिद्धतेचा आरंभ गुप्ततेने होई. किनाऱ्यावरील व भातशेतीच्या गावांतील कित्येक घरांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ‘चोरओटी’ भरण्याची रीत आढळते. शब्दातील ‘चोर’ हे पद अर्थपूर्ण आहे. दिवस गेल्याची वार्ता घरच्या चारदोन बायकांपलीकडे जाऊ नये, दृष्ट लागू नये, गर्भ ‘ठरला’ म्हणजेच बोलावे, अशी त्यामागील समजूत. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होई आणि जे आतापर्यंत लपविले ते उघड मांडले जाई. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपाताचे भय अधिक असते हा अनुभव ह्या क्रमामागे असावा. दिवसांची गणनाही अशीच अनुभवसिद्ध होती. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब तीस दिवसांचा महिना धरल्यास २७९ दिवसांचा होतो. शेवटच्या ऋतुस्रावाच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस हा आजच्या वैद्यकाचा हिशेब त्याहून एका दिवसानेच वेगळा आहे.

पहिले बाळंतपण माहेरी, हा महाराष्ट्रात सर्वत्र रूढ असलेला संकेत येथील किनारपट्टीवरही पाळला जाई. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ ह्यापासून आला आहे. ह्या संकेताकडे केवळ भावनेच्या दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः ती एक विचारपूर्वक केलेली योजना होती. सातव्या महिन्यानंतर बाई सासरच्या कामातून सुटे. कळा सुरू होण्यापूर्वी कित्येक आठवडे ती बाळंतपणाच्या जागी पोहोचलेली असे. आणि जिच्याजवळ लाज न बाळगता बोलता येईल अशी आई तिच्या उशाशी असे. माणूस, जागा, वाट आणि वेळ ह्या चारही अंगांचा उलगडा त्या एका प्रवासात होत असे. बैलगाडीचा वा होडीचा प्रवास कळा सुरू झाल्यावर करणे शक्य नाही, हे ओळखूनच तो आधी केला जाई.

सुईण ही ह्या व्यवस्थेतील प्रमुख व्यक्ती. ती बहुधा त्याच वा शेजारच्या वस्तीतील, स्वतः अनेक मुलांची आई झालेली प्रौढ स्त्री असे. तिचे ज्ञान हाताचे होते : पोट चाचपून मुलाचे डोके कोठे आहे हे सांगणे, तेल लावणे, कळांच्या वेळी पाठीस आधार देणे, वार पडेपर्यंत थांबणे. तिच्या कामाचा मोबदला पैशापेक्षा धान्य, नारळ, लुगडे ह्या रूपांत मिळे आणि पाचवीच्या दिवशी तिचा मान होई. बाळंतिणीच्या खोलीची तयारीही ठरलेली असे : बाज, खाली शेगडी, वेखंड, बाळंतशेपा, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची धडुती. किनाऱ्यावर दूध यावे म्हणून मुशीचे कालवण, तर डोंगराकडे नागलीची पेज.

ह्या तयारीस शास्त्रग्रंथांचा आधार किती, हा प्रश्न विद्वानांनी पूर्वीच चर्चिला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, आवश्यक वस्तू आधी जमवाव्या, अनेक वेळा बाळंत झालेल्या स्नेहशील स्त्रिया जवळ असाव्या, असे सांगितले आहे. प्रसूती लवकर व्हावी म्हणून गर्भिणीस मुसळाने कांडावयास लावावे, हे काहींचे मत तेथे उल्लेखून आत्रेयांनी त्याचा निषेध केला आहे. कळा नसता जोर करू नये, हाही उपदेश तेथे आहे. हा विषय आधुनिक वैद्यकाच्या पीठावर एका महाराष्ट्रीय स्त्रीने मांडला. कल्याणशी घराण्याचा संबंध असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी लिहिलेला प्रबंध ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ ह्याच विषयावर होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

जुन्या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिची मर्यादाही भाषेतच नोंदलेली आहे. सुखरूप बाळंत झालेल्या बाईविषयी ‘मोकळी झाली’, ‘सुटली’, ‘सुटका झाली’ असे म्हणत. बंधनातून वा संकटातून सुटणाऱ्यासाठी जे शब्द, तेच येथे योजलेले आहेत. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म ही म्हणण्याची रीतही त्याच भयातून आली. ह्याच्या उलट शब्द ‘अडणे’. मूल आडवे असले, कटी अरुंद असली की ‘बाई अडली’. ह्या शब्दापुढे सुइणीजवळ उपाय नव्हता. नवस, अंगारा, भगत, आणि शेवटी प्रतीक्षा. रक्तस्राव आणि बाळंतरोग ह्यांच्यापुढेही तिचे हात असेच टेकत.

अर्भकाच्या बाबतीतही असेच होते. विळ्याने, जुन्या पात्याने वा बांबूच्या कापेने नाळ कापणे आणि तीवर राख वा शेण लावणे, ह्या सवयींतून धनुर्वाताचा शिरकाव होई. नवजात अर्भकाच्या धनुर्वाताची लक्षणे सामान्यतः तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान दिसू लागतात. पाचवी-सहावीची रात्र जागून काढावयाची, त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी प्राक्तन लिहून जाते, ही समजूत ह्या काळाशी जुळते. कारण ठाऊक नसले तरी कोणत्या रात्री भय अधिक, हे समाजाने ओळखले होते, असा तर्क करण्यास जागा आहे. पुढे गर्भिणीस धनुर्वाताची लस टोचणे आणि स्वच्छ पात्याने नाळ कापणे ह्या दोन उपायांनी हे भय हटले. माता व नवजात अर्भक ह्यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले.

४. वेठ आणि वेळ

वर वर्णिलेली माहेरची योजना ज्यांना आपल्या वेळेवर हक्क होता अशा घरांची होती. पूर्वेकडील वारली व इतर आदिवासी कुळांस तो हक्क नव्हता. सिमिंग्टन ह्यांनी मुंबई सरकारला सादर केलेला आदिवासी व डोंगरी जमातींविषयीचा अहवाल (१९३९) आणि कृ. ज. सावे ह्यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ (१९४५) ह्या काळाची महत्त्वाची साधने आहेत. सावकार व जमीनदार ह्यांची वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी पत्करावी लागणारी ‘लग्नगडी’ची गुलामी ह्यांमुळे नवराबायकोचे श्रम दुसऱ्याच्या मालकीचे होत. ज्या घरात उद्याचा दिवस आपला नाही, त्या घरात सातव्या महिन्यापासून विश्रांती ही कल्पनाच संभवत नव्हती. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर ह्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) ह्या ग्रंथात आली आहे. राजकीय इतिहासात ह्या लढ्याचे महत्त्व मान्य झाले आहे. परंतु गर्भिणीचे दिवस तिच्या स्वतःच्या हाती येण्याच्या दृष्टीनेही तो एक टप्पा होता, ह्याकडे लक्ष वेधले पाहिजे.

कायद्याने दिलेली सवलत ह्या स्त्रियांपर्यंत पोहोचली नव्हती. मुंबई इलाख्याचा १९२९चा प्रसूति-लाभ कायदा हा हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला कायदा. तथापि तो कारखान्यांतील कामकरी स्त्रियांपुरता होता. १९६१चा केंद्रीय कायदा आणि २०१७ सालची २६ आठवड्यांच्या रजेची दुरुस्ती ह्यांचा लाभही मुख्यतः नोंदलेल्या आस्थापनांतील स्त्रियांनाच मिळू शकला. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडी, पालघर ह्या भागांतील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. ह्या काळात जिचे दिवस भरतात ती बाई आपल्या गावच्या नोंदवहीत असते आणि प्रत्यक्षात भट्टीवरील झोपडीत असते. उचल फिटेपर्यंत परत फिरणे कठीण, आणि नव्या ठिकाणी कोणती परिचारिका कोणत्या दिवशी येते हे ठाऊक नसते. वेठ कायद्याने संपली, तरी वेळेचा प्रश्न अशा रीतीने दुसऱ्या रूपाने उरला.

५. दवाखान्याचे आगमन

१८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्याला मुंबईची वाट मिळाली. सुईण-प्रशिक्षणासाठी १९०३ साली व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. मुंबईत कामा रुग्णालय (१८८६) व पुढे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) उभे राहिले. परंतु ही साधने शहरात होती. भोर समितीच्या १९४६च्या अहवालात देशातील मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असे अंदाजिले आहे. २०१८-२० ह्या काळात महाराष्ट्राचे हेच प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ आणि देशाचे ९७ इतके होते. पाऊणशे वर्षांतील हा फरक जुन्या व्यवस्थेकडे परत जाण्याच्या कोणत्याही सूचनेस पुरेसे उत्तर आहे.

१९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, डहाणू व कासा येथील रुग्णालये ही पूर्वेकडील भागास आधारभूत ठरली. ह्याच प्रदेशात बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेण्याची ‘अंगणवाडी’ची कल्पना त्यातून निघाली. आज गर्भिणीच्या पोषणाची नोंद ज्या अंगणवाडीत होते, तिचे नाव ह्याच मुलखातले आहे. लोकांनी संस्थेकडे यावे ह्याऐवजी संस्थेने लोकांकडे जावे, हे तिचे मूळ तत्त्व पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बोईसर-तारापूरचे रूप मात्र वेगळ्याच कारणाने पालटले. तारापूरचे अणुवीजकेंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. वीजकेंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत व रुग्णालय आले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि तिजबरोबर खाजगी प्रसूतिगृहेही आली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची कुटुंबे चाळींतून राहू लागली. ह्या घरांचे माहेर हजार-दीड हजार किलोमीटर दूर. अशा वेळी बाईने गावी जावे की तिच्या आईने खोलीवर यावे, हा सिद्धतेतील पहिला प्रश्न होऊन बसला. ‘सुईण’ हा शब्द ह्या पट्ट्यात वृद्धांच्या तोंडी उरला. त्याच्या जागी ‘सिस्टर’, ‘डिलिव्हरी’, ‘नॉर्मल’, ‘सिझर’, ‘तारीख दिली आहे’ हे शब्दप्रयोग रुळले. ‘दिवस भरणे’ ह्यात दिवस आपोआप भरतात. ‘तारीख दिली’ ह्यात ती देणारा दुसरा कोणी असतो. कर्तृत्वाचे हे स्थलांतर भाषेने अचूक टिपले आहे.

सुइणीचे पुढे काय झाले, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रारंभी शासनाने तिला बाजूस सारले नव्हते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून देशभर दाई-प्रशिक्षणाचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आला. हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ ह्या ‘पाच स्वच्छता’ तिला शिकविण्यात आल्या. ‘दाई’ हा फारसीतून आलेला शब्द येथे अधिकृत झाला आणि ‘सुईण’ मागे पडली. २००५ साली जननी सुरक्षा योजना व ‘आशा’ कार्यकर्ती आल्यावर धोरणाची दिशा बदलून संस्थात्मक प्रसूतीवर सर्व भर दिला गेला. महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण सुमारे ९५ टक्के झाले. हे यश मोठे आहे. तथापि सुइणीजवळ जे आणखी एक कसब होते, म्हणजे कळांच्या दीर्घ तासांत बाईजवळ बसून राहणे, तिला धीर देणे, तिच्या बोलीत तिच्याशी बोलणे, ते नव्या व्यवस्थेतील कोणाच्याही कामाच्या यादीत स्पष्टपणे आले नाही. प्रसूतिगृहात आई वा सासूला दाराबाहेर थांबावे लागले, आणि वारली बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठीतील सूचना कळा सोसता सोसता समजून घ्याव्या लागल्या.

६. ‘माहेरघर’ आणि ‘बुडीत मजुरी’

शासकीय शब्दावलीत गर्भिणीस ‘गरोदर माता’ म्हणतात. मूल होण्यापूर्वीच तिला माता ही पदवी दिली जाते. तिची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी असा दंडक आहे. रक्तक्षय, रक्तदाब, पूर्वीचे शस्त्रक्रियेचे बाळंतपण ह्या गोष्टी लवकर कळाव्या हा त्याचा हेतू, आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु हेच बारा आठवडे म्हणजे ‘चोरओटी’चे दिवस होत. नोंदणी उशिरा होते ह्याचे कारण अज्ञान, असे सरसकट म्हणण्यापूर्वी हा विरोध ध्यानी घ्यावयास हवा. गावातीलच एक स्त्री ‘आशा’ म्हणून नेमल्यामुळे तो पुष्कळसा सौम्य झाला. कारण जी गोष्ट वहीला सांगावयाची नाही, ती शेजारणीला सांगता येते.

वाटेचा प्रश्न सोडविण्यासाठी शासनाने योजलेल्या उपायांतील एकाचे नाव भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात, दिवस भरत आलेल्या स्त्रीस काही दिवस आधी येऊन राहता यावे म्हणून २०१०-११च्या सुमारास ‘माहेरघर’ ही योजना निघाली. मराठीत ‘माहेरघर’ हा शब्द जुनाच आहे. व्युत्पत्तीने पाहता ‘माहेर’ ह्यात ‘गृह’ आहेच. ‘माहेरघर’ म्हटल्याने घर दोनदा येते. व्यवहारातही असेच झाले, असे म्हणावे लागते. घर उभे राहिले. माहेरात जे दुसरे पद होते, म्हणजे माता, तिची व्यवस्था करणे अधिक कठीण गेले. माहेरी गेलेल्या मुलीच्या थोरल्या मुलांना आजी सांभाळत असे, स्वयंपाक आई करीत असे, आणि भात लावणीचे दिवस असले तरी भाऊ-भावजय तिचा भार सोसत. आरोग्य केंद्रातील खोलीत येणाऱ्या बाईची घरची मुले कोणाजवळ राहतील, तिच्यासोबत येणाऱ्या सासूचा रोजगार कोण भरून देईल, हे प्रश्न खोलीच्या बांधकामाने सुटणारे नव्हते.

ह्या प्रश्नाची जाण शासनास नव्हती असे नाही, आणि त्याचीही साक्ष एका शब्दातच मिळते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील गर्भिणींस जी रक्कम देण्याचे ठरले, तिचे नाव ‘बुडीत मजुरी’ असे आहे. नवव्या महिन्यात २,००० रुपये व बाळंतपणानंतर २,००० रुपये, अशी ही ४,००० रुपयांची मदत. शासकीय मराठीत इतका नेमका शब्द क्वचितच आढळतो. मदत, अनुदान, प्रोत्साहन ह्या शब्दांत देणाऱ्याचे औदार्य दिसते. ‘बुडीत मजुरी’ ह्यात घेणाऱ्याचे नुकसान दिसते. वेठीच्या काळापासून जो प्रश्न दुर्लक्षित राहिला, तो वेळेचा प्रश्न, ह्या शब्दाने प्रथमच सरकारी कागदावर आणला. रक्कम पुरेशी आहे की नाही आणि ती वेळेवर हाती पडते की नाही, हा स्वतंत्र विषय होय.

वाटेची स्थिती काय, हे एका घटनेवरून स्पष्ट होते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. २०१३ पासून मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आहेत. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मुदतीपूर्वी घरीच जन्मलेली जुळी मुले दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या आईस नातेवाइकांनी झोळी करून, निसरड्या उतारावरून, सुमारे ३ किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत नेले. वृत्तपत्रांतून ही घटना त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाली. रस्ताच नसेल तर रुग्णवाहिका यावयाची कोठे? गुंतागुंतीच्या प्रसंगी जव्हार-मोखाड्याच्या स्त्रियांना पुढे नाशिक, सिल्वासा वा ठाणे-मुंबई गाठावी लागते. पूर्वी ‘बाई अडली’ म्हणजे मूल अडले, असा अर्थ होता. त्यावरील उपाय आज उपलब्ध आहे; परंतु बाई त्या उपायापर्यंत जाताना ओढ्यापाशी, घाटात वा एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठविली जात असताना अडते. क्रियापद तेच राहिले, अडण्याची जागा बदलली.

७. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. पालघर-तारापूर परिसरात बाळंतपणाची सिद्धता ही कधीच केवळ वैद्यकीय बाब नव्हती. माहेरच्या संकेतात माणूस, जागा, वाट आणि वेळ ह्या चारही गोष्टी एकत्र गुंफलेल्या होत्या. त्यात उणीव होती ती ज्ञानाची आणि उपायाची. आधुनिक व्यवस्थेने ज्ञान व उपाय आणले आणि असंख्य प्राण वाचविले. पण ते आणताना ही गुंफण सुटली आणि तिचे एकेक अंग वेगवेगळ्या खात्याकडे गेले. जागा आरोग्य खात्याकडे, वाट बांधकाम खात्याकडे, आहार अंगणवाडीकडे, मजुरी आणखी कोणाकडे. ही सर्व अंगे एकाच बाईच्या एकाच रात्री एकत्र येणे अवश्य असते, हे सुइणीला सांगावे लागत नव्हते. बोईसरच्या चाळीतील जोडप्यास ही जुळणी पैशाने व ओळखीने करता येते. मोखाड्याच्या पाड्यावरील जोडप्यास ती करता येत नाही. दोन ठिकाणच्या बाळंतपणांतील आजचे अंतर हे मुख्यतः ह्या जुळणीचे अंतर आहे.

भाषेच्या अभ्यासकांसाठीही येथे काम शिल्लक आहे. वारली, वाडवळी, मांगेली, काथोडी ह्या बोलींतील गर्भारपण, कळा, नाळ, वार, दूध ह्यांविषयीचे शब्द, ज्यांनी स्वतः सुईणपण केले त्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून, त्या हयात आहेत तोवरच नोंदले पाहिजेत. त्याचा उपयोग कोशापुरता नाही. कळा सुरू झालेली मुलगी तिला काय होत आहे हे तिच्याच शब्दांत सांगते, आणि ते शब्द समोरच्या परिचारिकेस कळणे हाही सिद्धतेचाच एक भाग होय. १९०५ च्या शब्दावलीत जे क्रियापद राहून गेले, ते नोंदविण्यास आता अधिक विलंब करणे इष्ट नाही.